वेळ न टिपलेला प्रश्न

१२ जून १९४२, अमरावती
वलगावला गिरजाबाई माळणीकडे सत्यनारायण सांगायचा होता. राहिलाच. मी पोचलो तेव्हा शाळामास्तर इंग्रजी कागद वाचून दाखवत होते. तिचा मुलगा नामदेव पलटणीत. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडल्यापासून बेपत्ता. बेपत्ता म्हणजे बायांनी गेलाच धरलं. रडारड. एका म्हातारीने त्याच्या बायकोचा, सुभद्रेचा, हात धरून तिला उंबऱ्याशी ओढलं, बांगड्या फोडायला. पोरगी सतरा-अठराची. मला पाहवेना. ओरडलो, "थांबा! मी प्रश्न मांडून पाहिलाय. जिवंत आहे तो!" म्हातारीने हात सोडला.

पंचांग पिशवीतून काढलंही नव्हतं. कुणी प्रश्न विचारला की आधी वेळ टिपायची, त्या वेळेवरून कुंडली मांडायची. चाळीस वर्षांत हे चुकलं नाही. आज कुणी विचारलं नाही, मी टिपलं नाही, आणि उत्तर देऊन मोकळा.

सौ.ला सगळं सांगितलं. म्हणाली, "बरं केलंत. पण भाजी कुठाय?" तिच्या मळ्यातून आणायची विसरलो.

५ ऑगस्ट १९४३
गुरुवार. गिरजाबाई नेहमीप्रमाणे हजर. झेंडू, वांगी, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी. नको म्हटलं तर ऐकत नाही. "महाराज, तुमी सांगतलं मनून आमची चूल पेटून राहिली." त्या वांग्यांची भाजी मी पानात घेतलीच नाही. सौ.ने मात्र दोनदा वाढून घेतली.

त्यात भर म्हणजे बडनेऱ्याच्या एका आईला मी मुलगा जिवंत आहे म्हणून सांगितलं होतं (हे रीतसर, वेळ टिपून), तिच्या मुलाचं कैदेतून कार्ड आलं. आता चार गावांत माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. रोज कुणी ना कुणी आई दारात. नामदेवचं कार्ड नाही.

२१ जाने. १९४५
सुभद्रेचा बाप आला, चांदूर बाजारहून. त्यांच्यात पाट लागतो. विधवेचं दुसरं लग्न करायला आडकाठी नाही. स्थळही पाहून ठेवलंय, संत्र्याची बाग आहे म्हणे.

"पोरगी एकवीसची झाली महाराज. सासू मनते, महाराजानं जित्ता सांगतला, मी सून कायले सोडू? आता तुमीच सांगा तिले, गेला मनून."

म्हटलं, गेला हे मला कुठे ठाऊक?

"मंग जित्ता हे कसं ठाऊक होतं?"

पाणी विचारलं, त्याने घेतलं नाही. शेवटी म्हणालो, लढाई संपू द्या, माणसं परत येतील तेव्हा कळेलच. तो गेला. लढाईच्या आड लपलो मी. लबाड आहे.

२ सप्टें. १९४५
लढाई संपली. बाजारात पेढे. मलाही वाटलं, सुटलो. सौ. म्हणाली, "तुमची कुठे संपली?" दिवसभर तिच्याशी बोललो नाही. खरं बोलते म्हणून जास्त राग येतो.

१७ मार्च १९४६
अकोल्याला जाऊन आलो. नामदेवच्याच पलटणीतला एक जण कैदेतून सुटून घरी आलाय असं कळलं होतं. हाडांचा सापळा, भात समोर आला की ताट दोन्ही हातांनी धरतो. म्हणाला, "बोटीत चढवाच्या दिशी नामदेवले ताप होता. त्याले ठिवून घेतलं, आमाले नेलं. पुढचं मले नाई ठाव."

विचारलं, त्याच्या घरी काय सांगू?

"मी काय सांगू महाराज? तुमी त पाह्यलं होतं मनतात."

गाडीत खिडकीकडे तोंड करून बसलो. ओळखीचं कुणी भेटू नये एवढीच इच्छा.

१८ मार्च
वलगाव. गिरजाबाई बाजाराला गेलेली, बरंच झालं. सुभद्रा मेथीला पाणी देत होती. बांधावर उभा राहून सगळं सांगून टाकलं. अकोल्याचं, आणि त्या दिवसाचंही. तुझ्या बांगड्या वाचवायला बोललो, पाहिलं काहीच नव्हतं.

तिने आधी वाफा भरू दिला. मग कुदळीने बांध फोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडलं. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "चार वर्सं झाली, महाराज."

मी बांधावरच बसलो.

"सासूले नोका सांगू. मरन ते." कुदळ टेकवून उभी राहिली. "तवा नाई पाह्यलं, त आता पाहा. माह्यासाठी पाहा. जे निघन ते सांगा मले. आपल्या मनचं नोका सांगू."

हात सवयीने घड्याळाकडे गेला. ४ वाजून ४२ मिनिटे. तिच्यासमोरच टिपलं.

घरी येऊन पंचांग उघडून बसलोय. सौ. दोनदा जेवायला बोलावून गेली. जिवंत निघालं तर ही पोरगी त्या मळ्यातच म्हातारी होणार. गेला असं निघालं तर गिरजाबाईची चूल विझणार, तीही माझ्याच हाताने. आणि काय निघेल त्यावर माझा तरी विश्वास बसेल का, हे आजवर कधी स्वतःला विचारलं नव्हतं. आता विचारतोय आणि भीती वाटते.

बारा घरं आखून ठेवली आहेत. अजून एकही भरलेलं नाही. उद्या सकाळी सुभद्रा उत्तराला येणार आहे.