मेंढी आणि झुलतं फाटक

मनुरेवा, ऑकलंड
८ मे २००४

ती. सौ. सरोजताईस,
शि. सा. न. वि. वि.

मेतकूट पोचलं. कस्टमवाल्यांनी उघडून, हुंगून, पुन्हा चिकटवून पाठवलं. इथे थंडी सुरू झाली, पण आमची सिद्धी शाळेतून आली की जँडल्स, म्हणजे आपल्या स्लिपरा, घालून बाहेर पळते. मी मराठीत रागावतो, ती इंग्रजीत उत्तर देते.

काळजी एकच आहे. माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात मी मुलांसाठी कॉम्प्युटरवरचा गेम करतोय. त्यात एक मेंढी नुसती चरत चालायची आणि खेळून बघायला बोलावलेली मुलं जांभया द्यायची. मला मिरजेच्या क्वार्टर्समधल्या दोरीवरच्या उड्या आठवल्या. फिरत्या दोरीत नेमक्या क्षणी शिरायचं, यातच सगळी गंमत होती ना? म्हणून मी कुरणात झुलती फाटकं घातली. फाटक उघडलं रे उघडलं की मेंढीनं उडी मारायची. मुलं सरसावून बसली. पण मेंढी दोन-तीनदा फाटकावर आपटली की मुलं कंटाळून उठतात. सिद्धीनं तर मला अनफेअर ठरवलंय.

आमचा साहेब ग्रॅहम म्हणतो, जुलैपर्यंत मुलं टिकली नाहीत तर गेम बंद. मग माझी नोकरीही बंद, आणि इथे राहायचा परवाना त्या नोकरीवरच आहे. सुमेधा धीर देते, पण नवे पडदे घ्यायचे तिनं थांबवलेत.

यात अवघड काय आहे, तेच मला कळत नाही. सगळ्यांत लहान असूनही मी कधी आऊट होत नव्हतो. तुला काही आठवत असेल तर लिही.

लोभ आहेच, या थंडीत तो कमी पडू देऊ नकोस.

तुझा
देवदत्त


मिरज
२६ मे २००४

चि. देवदत्त यास,
अ. उ. आ.

नोकरीचं वाचून जीव खालीवर झाला. इकडे सगळे बरे आहेत. माझा गुडघा तेवढा कुरकुरतो.

म्हणे कधी आऊट होत नव्हतो! अरे, तू पहिल्याच उडीला आऊट व्हायचास आणि भोकाड पसरायचास. तू रडत घरी गेलास की आई मलाही हाक मारायची आणि माझा खेळ बुडायचा. म्हणून मी आणि शेजारच्या कांचननं एक युक्ती केली. दोरीची टोकं आम्हा दोघींकडेच असायची. तू शिरताना आम्ही हात जरा सैल सोडायचो, दोरी किंचित रेंगाळायची. तू आत आलास की हळूहळू वेग वाढवायचो. तुला कळू दिलं नाही, नाहीतर त्यापायीही रुसला असतास.

पण पुढे तू खरोखरच तरबेज झालास. दोरी सैल सोडणं आम्ही कधी थांबवलं, ते मला आठवत नाही. परवा कांचनला विचारलं, तिलाही आठवेना.

तुझ्या मेंढीचं काय करायचं ते तू बघ. जेवत जा वेळेवर. सुमेधाला म्हणावं, पडदे घेऊन टाक.

लोभ आटायला माझं अजून तेवढं वय झालेलं नाही.

तुझी
ताई


मनुरेवा, ऑकलंड
१७ जुलै २००४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी बसमध्ये वाचलं. आधी रागच आला. चाळिशीकडे झुकल्यावर कळावं, की आपण चॅम्पियन नव्हतो? मग इतका हसलो, की शेजारच्या बाईंनी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं.

त्याच आठवड्यात फाटकं तुझ्यासारखी केली. मेंढी दोनदा आपटली, की फाटक पापणी लवायला लागतो तेवढा वेळ जास्त उघडं राहतं. जमू लागलं की पुन्हा पहिल्यासारखं. ग्रॅहमला हे गेमच्या पुस्तिकेत छापायचं होतं. मी म्हटलं, मुलांना कळता कामा नये. सिद्धी तासभर जागची हलली नाही. शेवटी फाटक पार झालं तशी घरभर नाचली आणि मलाच दम दिला, "बाबा, आय ॲम हीप्स गुड. डोन्ट हेल्प मी." हीप्स गुड म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत एकदम भारी. मी मान डोलावली.

गेम चालू राहिला, परवाना वाढला. पडदेही आले, हिरवे.

हे सारं तुझ्यामुळे, असं लिहून पत्र संपवणार होतो. पण पेन थांबलं. बाबा गेले त्या वर्षी तू कॉलेज सोडून टेलिफोन ऑफिसात लागलीस. मी कारण विचारलं, तर म्हणालीस, "मला अभ्यासाचा कंटाळा आलाय." मी ते खरं धरलं आणि पुण्याला इंजिनीअर व्हायला निघून गेलो.

तुला कंटाळा आला नव्हता ना, ताई?

उत्तर नको. इथूनच वाकून नमस्कार करतो, तेवढा घे.

तुझा
देवदत्त