पुठ्ठ्याच्या आड

प्रिय शेखर,

तुझ्याकडच्या निवडणुकीचं वाचलं. जर्मनीत सगळं नगरपालिकाच बघते आणि मतदानाच्या टेबलाशी गल्लीतलीच माणसं बसतात, हे मला खरं वाटेना. तुझ्या खालच्या मजल्यावरच्या बाई रविवारभर तिथे बसल्या म्हणे. त्या येणाऱ्या प्रत्येकाला ओळखत असतील.

आपल्याकडे उलट आहे. आयोग दिल्लीत, पण घरोघरी जाणारी माणसं उसनी. शाळेतून, तलाठ्याकडून, पोलीस ठाण्यातून तेवढ्यापुरती आणलेली, आणि शक्यतो परक्या गावात धाडलेली. मी तर लग्नाचं शूटिंग करणारा दहावी नापास. कंत्राटदाराने कॅमेऱ्यासकट मला पथकात बसवलं. माझं गाव कोणतं, हे कुणी विचारलंच नाही. ज्यांना केंद्रावर जाता येत नाही त्यांचं मत आम्ही घरी जाऊन घेत होतो. तिसरं घर आपल्याच एकलहऱ्याचं निघालं. तुमचं.

तुझ्या अण्णांचे पाय गेलेले तू पाहिले नाहीस. खाटेवर बसूनच त्यांनी मला ओळखलं आणि पथकातल्या लताबाईंना म्हणाले, "हा काय फोटो काढणार? माझ्या भाच्याच्या लग्नात यानं नवरदेवाचं मुंडकंच कापलं होतं." बाई हसल्या. मग त्यांनी खाटेवर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. मत देताना कॅमेरा भिंतीकडे वळवायचा असतो. मी वळवला. आवाज मात्र चालूच राहतो, आणि माझ्या कानाला हेडफोन होता.

आडोशामागे अण्णा हळू बोलत होते. लताबाई लांबच्या, पेठ भागातल्या; तू जर्मनीत आहेस हे त्यांना काय माहीत. त्या म्हणाल्या, "बाबा, आत कोण आहे? तिथे दुसरं कुणी चालत नाही." अण्णा म्हणाले, "माझा पोरगा हाय." बाई म्हणाल्या, "मग त्यांना बाहेर जायला सांगा." त्यांना वाटलं, मुलगा घरातच असेल. तुझ्या खालच्या मजल्यावरच्या बाईंसारखं गल्लीतलं कुणी असतं तर त्यांना कळलं असतं. तिथे फक्त मला ठाऊक होतं की खाटेजवळ कुणी नाही. तरी अण्णा बोलले, आणि मी दारात उभा होतो तो बाजूला सरकलो, वाट द्यायला. का सरकलो, सांगता येत नाही. अजूनही लग्नघरात हेडफोन लावला की आधी तोच आवाज येतो, मग सनई.

मतमोजणीच्या आधीच अण्णा गेले. तेराव्याला तू फोनवर विचारलंस, शेवटी माझं नाव तरी काढलं का. मी नंतर सांगतो म्हणालो, कारण पाहिलं-ऐकलं बाहेर बोलणार नाही असं लिहून दिलं होतं, आणि ते रेकॉर्डिंग मागून घेऊन तुलाच ऐकवावं असं मनात होतं. कचेरीत तीनदा गेलो. मिळत नाही म्हणाले. काल कळलं, मुदत संपली, ते पुसलं. आता तो आवाज माझ्याखेरीज कुठेच नाही, आणि माझ्या कानांचा मला भरवसा वाटत नाही. मत गुप्त ठेवायचं असतं, आणि अण्णांनी ते कुणाला दिलं हे मला माहीतही नाही. हाक तशी नसते, असं मी ठरवलं आहे.

तू घर सोडताना अण्णा तुला म्हणाले होते, पुन्हा उंबऱ्याला पाय लावू नको. त्या दिवशी आडोशामागून ते म्हणाले, "शेखर, जरा दारात थांब. लांब जाऊ नको."

तुझाच,
सार्थक