वस्तरा लेकीकडे

मी, खाली सही करणारी, कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयाची मालकीण, राजीखुशीने, अक्कलहुशारीने आणि कोणत्याही नशापाण्याच्या अमलाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. नशापाण्याचे शब्द वकील सगळ्यांच्याच कागदात घालतात. आमच्या घरात ते छातीठोकपणे लिहू शकेल अशी मोठ्यांपैकी मी एकटीच. उद्या माझे ऑपरेशन आहे. वाचले तर पुढचे पुढे बघू.

१. दुकान, खुर्च्या, आरसे, वस्तरे आणि वरची राहती जागा माझ्या एकुलत्या एक लेकीला. नवऱ्याला यातला कंगवासुद्धा मिळणार नाही.

२. कारणही लिहिते, म्हणजे नातेवाइकांना तोंड वर करून विचारायला नको. नवऱ्याचा हात एके काळी इतका हलका होता की गिऱ्हाइकं खुर्चीत डुलक्या काढायची. मग सकाळी तो हात थरथरायला लागला. दारूचे दोन घोट पोटात गेले की थांबायचा. म्हणून दुकान उघडण्याआधी सासूबाई स्वतः ग्लास भरून द्यायच्या. "औषध समज गं. धंदा बुडवायचाय का?" दोनाचे चार घोट झाले आणि एका मास्तरांच्या कानाची पाळी कापली गेली. त्या दिवसापासून वस्तरा मी धरला. सासूबाई आता नाहीत, नाहीतर त्यांच्या नावेही एक कलम खरडले असते.

३. धाकटे दीर. "वहिनी, आज आनंदाचा दिवस, एकाने काय होतंय?" म्हणून दर वेळी ओतणारे हेच. नवऱ्याला जिन्यावरून ओढत वर आणणारी मी, आणि ओकारी पुसणारी माझी, तेव्हा शाळकरी असलेली, पोर. दिरांना कपाटातले काचेचे ग्लास द्यावेत. त्यांनी ते आपल्या घरी, आपल्या मुलांसमोर भरावेत.

४. लेकीसाठी अट. पोरी, पावडरच्या डब्यामागची बाटली मी पाहिली आहे. विचारले तेव्हा म्हणालीस, "आई, सकाळी बाबांचे हात बघवत नाहीत गं. शर्टाचं बटणसुद्धा लावता येत नाही त्यांना." मला तरी कुठे बघवतात! पण तू आजीचाच ग्लास पुढे चालवते आहेस. आजची थरथर थांबवतेस आणि उद्याची ओतून ठेवतेस. एकदम बंद करू नकोस, जिवावर बेतते असे डॉक्टर म्हणाले. त्याला दवाखान्यात दाखल कर. तो शिव्या देईल, रडेल, तुझ्या पाया पडेल. पडू दे. दाखल केल्यानंतर तुझ्या हाताने थेंब जरी ओतलास, तर दुकान विकून सगळी रक्कम व्यसनमुक्ती केंद्राला द्यावी. हे मी रागाने लिहिते आहे आणि राग खरा आहे.

५. नवरा शुद्धीत असेल त्या दिवशी त्याला जेवण आणि अंथरूण मिळावे. नसेल त्या दिवशी त्याने आनंदाचे दिवस साजरे करणाऱ्या भावाकडे जावे. मला न्यायच्या वेळी पिऊन आला तर दारातूनच हाकलावे.

६. दुसरा साक्षीदार मी मुद्दाम त्यालाच घेतला आहे. उद्या "मला कोणी सांगितलंच नाही" म्हणायची सोय नको. साक्षीदारही शुद्धीत लागतो, असे वकिलांनी त्याला बजावले. मला हसू आले.

सही: मालकीण
साक्षीदार पहिला: शेजारचे औषधवाले
साक्षीदार दुसरा: नवरा
ठिकाण: दुकान, मधल्या खुर्चीसमोर
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, सकाळी

तळटीप, माझ्याच हातची: दुसऱ्या साक्षीदाराची सही वाकडीतिकडी आहे आणि पेनाने कागद फाटला आहे. लेकीची नजर पावडरच्या डब्याकडे गेली होती, मी डोळे वटारले. मग ती त्याचा हात धरायला पुढे झाली, तर म्हणाला, "नको. माझी मला करू दे." यावरून दारू सुटली असे कोणी समजू नये. पण ही सही बनावट आहे असेही कोणी म्हणू नये. बँकेतल्या त्याच्या सह्यांशी ती जुळणार नाही. त्या सगळ्या पिऊन केलेल्या आहेत.