सॅन्टन डिमेलो अकरा

गास

आदरणीय मटिल्डा आत्या,

ॲन्सेल्मचा नमस्कार. गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात मी तो उजवा म्हटला होता. रोजनिशी पाहिली तर डावा निघाला. सध्या दोन्हींसाठी प्रार्थना करतो.

आपल्या मंडळाने गावातली जुनी पत्रं टाइप करून संगणकावरच्या एक्सएमएल डेटाबेसमध्ये ठेवायला घेतली आहेत, आणि मी डेन्झिलच्या मुलीचा, प्रिस्काचा भक्त झालो आहे. (हा शब्द फादरांना कळवू नकोस.) प्रत्येक पत्राबरोबर ती मेटाडेटाची, म्हणजे त्या पत्राबद्दलच्या माहितीची, वेगळी नोंद ठेवते: कोणी लिहिलं, कोणाला, कधी. मी एका पत्रातलं शुद्धलेखन सुधारलं तर म्हणाली, "अंकल, पत्राला हात नाय लावायचा. काय सांगायचं ते नोंदीत सांगा." हे मला कॉलेजात कोणी शिकवलं असतं, तर माझ्या निम्म्या रोजनिश्या खाडाखोडीतून वाचल्या असत्या.

गावात सॅन्टन डिमेलो अकरा, त्यातल्या चौघांच्या बायका मेरी. प्रिस्काने शांतपणे नोंदीत 'घराचं टोपणनाव' असा एक रकाना वाढवला, आणि एकाही पत्राला धक्का न लागता चारशे पत्रं आपापल्या घरी गेली. तिच्या या युक्तीपुढे मी टोपी काढली. भोपळे, उलटी टोपी, म्हशीचा जावई ही नावं मी प्रामाणिकपणे भरली. फक्त माझ्या आजोबांचा, म्हणजे तुझ्या वडिलांचा (तेही सॅन्टनच), रकाना रिकामा ठेवला. आपल्या घराला गाव 'उद्या' म्हणतं, हे कायमचं नोंदवायला हात धजेना. (रकाना कोणी रिकामा ठेवला, तेही नोंदीत दिसतं.)

तुझ्या रविवारच्या पंच्याहत्तरीची तयारी जोरात असेल.

तुझा भाचा,
ॲन्सेल्म

ता. क. तू आजोबांचं पत्र मागितलंस, तेव्हा टोपणनावाने शोधून काहीच सापडलं नाही. मग नुसतं 'सॅन्टनकडून मेरीला' शोधलं. पहिलंच पत्र वाचून डोळे भरले, त्यामुळे खालची नोंद वाचायची राहिली, आणि तेच तुला पाठवलं. तू फ्रेम केलेलं ते पत्र भोपळ्यांचं आहे. रविवारी सगळ्यांसमोर ते वाचणारा डेन्झिलही भोपळ्यांचाच. कृपा करून त्याआधी ते भिंतीवरून उतरव.

ता. क. २. आजोबांची खरी पत्रं सापडली. तीन आहेत, लागोपाठच्या तारखांची. तिन्हींत एकच ओळ: 'उद्या नक्की येतो.' तिसऱ्याच्या मागे मेरीआजीच्या अक्षरात लिहिलंय, 'आला.' फ्रेममध्ये हे बसेल का? आणि रकान्यात 'उद्या' लिहू का? तू हो म्हटलंस तर लगेच लिहितो.