कमरेच्या वर, एकाच जागी

मांडवी, रत्नागिरी
१२ मे २०२४

प्रिय सगू,

अनेक आशीर्वाद. सकाळी आरशासमोर पाठीचा पट्टा बांधताना आपल्या कॉन्व्हेंटचा फ्रॉक आठवला. मागची बटणं माझ्या हाताला यायची नाहीत. तू पहिलीत होतीस, पाटावर चढून ती लावायचीस. एखादं मुद्दाम सोडायचीस आणि प्रार्थनेला माझ्यामागे मुली खिदळायच्या. सिस्टरांनी हातावर छडी मारली, तरी मी तुझं नाव सांगितलं नव्हतं. किती लहान होतीस गो तू.

मंडणगडला सुखरूप पोचल्याचं तुझ्या ऋत्विककडून कळलं. इथे उकाडा फार. जनी सकाळी येते, मागून पट्टा ओढून देते. तुझ्यासारखा हलका हात नाही तिचा, पण काम होतं.

पाठीचं विचारलं होतंस. पडून मणका दबल्यावर डॉक्टरांनी काय सांगितलं ते तू ऐकलंच होतंस. पट्टा उघड्या अंगावर नको, आत रोज धुतलेलं सुती बनियन हवं, सुरकुती पडता कामा नये, तेल नको, पावडर नको. आडवं झालं की पट्टा काढून कातडी बघायची. बनियनं धुऊन, घडी घालून उशाशी ठेवायचं काम तू आपणहून घेतलंस. मला भरून आलं होतं.

मग पाठ पेटली. आधी लाली, मग फोड, फुटले की चिकट पाणी. डॉक्टरांना वाटलं, घाम कोंडतोय. त्यांनी पट्टा सैल केला, मलम दिलं. तू मलम लावायचीस, फुंकर घालायचीस आणि म्हणायचीस, "ताई, आग लाव त्या पट्ट्याला. तुझी कातडी पहिल्यापासून कॉन्व्हेंटची." मी हसले, आणि पट्ट्याशिवाय बसू लागले.

त्याच दिवसांत तू म्हणालीस, "बसता येत नाही, तर एकटी राहणार कशी? घर ऋत्विकच्या नावावर कर आणि चल माझ्याकडे." मी हो म्हणायच्या बेतात होते.

नव्या एक्स-रेत मणका आणखी दबलेला दिसला आणि पट्टा पुन्हा चढला. तो आता वर येणार नाही. मी तुझ्यापेक्षा बुटकी झाले आहे. आई असती तर पाठीला पाठ लावून बघितलं असतं.

तू गेलीस आणि फोड सुकायला लागले. पट्टा तोच, उकाडा तोच. फक्त जनीने कपाटातली नवी बनियनं काढली होती. तू घडी घातलेली उरली होती ती मी खिडकीत उजेडाला धरली, तर फिकट तपकिरी डाग.

सकाळी मागच्या पडवीत बसून तू ओले काजू सोलायचीस, ऋत्विकला मुंबईला पाठवायला. आधी हाताला राख चोळायचीस. टरफलाचा चीक कातडी जाळतो आणि कपड्यावरचा त्याचा डाग जात नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी मनाला समजावलं, चुकून हात पुसले असतील. पण पुसलेले हात कुठेही उमटतात, काठाला, बाहीला. हे डाग सगळ्या बनियनांवर आतल्या बाजूला आहेत, कमरेच्या वर, एकाच जागी. तू फुंकर घालायचीस तिथेच.

डॉक्टरांना सांगितलं नाही. तुलाही विचारत नाही. तू रडशील, आणि तू रडलीस की मला अजून वाईट वाटतं.

मला मूल नाही. हे घर यांनी माझ्यासाठी बांधलं, पण माझ्यामागे ते तुझ्या ऋत्विकचंच होतं. थोडी थांबली असतीस तरी चाललं असतं.

बुधवारी तुझ्या सुनेला, दर्शनाला, बोलावून घेतलं. तिच्या लग्नात तू चारचौघांत म्हणाली होतीस, "माझ्या मुलाने मोलकरीण आणली." तिला मुलगी झाली तेव्हा तू बघायलाही गेली नाहीस. मी तिला विचारलं, "विसरलीस का गो?" ती म्हणाली, "नाही मावशी." म्हणून तिलाच निवडलं. पट्टा घट्ट बांधून रिक्षाने गेले आणि बक्षीसपत्र नोंदवून आले.

आता कुणाला काय, ते नीट वाच, म्हणजे पुढे भांडण नको. घर आणि परसातली काजूची झाडं दर्शनाच्या नावावर झाली. मी आहे तोवर इथेच राहणार, तसं लिहून घेतलं आहे. आईच्या पाटल्या तिच्या लेकीला, राहीला. शिवणाचं मशीन जनीला. माझी इंग्रजी पुस्तकं शाळेला, सिस्टर येऊन नेतील. ती बनियनं दर्शनाने नेली. का जपायची, ते तिला सांगितलं आहे. ऋत्विकला नाही. तू गप्प राहिलीस तर तीही गप्प राहील.

तुला मागची खोली. हातपाय थकले की ये, पण आधी दर्शनाला विचार. ती नाही म्हणणार नाही, मी तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे. तेव्हा तुझे कपडे तीच धुईल, आणि घडी घालून उशाशी ठेवील.

तुझ्यावर अजून माया असलेली,
ताई