येईल तेव्हा उठवा

डोंबिवली,
९ फेब्रुवारी १९५३

तीर्थरूप दादास,
उत्तराचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. जबलपूरला थंडी फार आहे नि हेमावहिनीचा खोकला अजून हटत नाही, हे वाचून वाईट वाटलं. तिला आल्याचा रस मधातून देत जा. इकडे विहिरीचं पाणी अजून पुरतंय, शाळेत यंदा माझ्या गळ्यात दोन वर्ग मारलेत, आणि घरात मोसंबी इतकी साठलीत की दुकान थाटावं. आईला बघायला येणारा प्रत्येकजण मोसंबीच आणतो. खाणार कोण, ते कुणी विचारत नाही.

आईच्या कळा आताशा कमी आहेत असं मी मागे लिहिलं होतं. ते खरं नव्हतं.

छातीची गाठ दिवाळीनंतर फुटली. मुंबईच्या डॉक्टरांनी त्याआधीच हात टेकले होते. आता जखम वाहते आणि घाण येते. मी उदबत्त्या लावायची, म्हणजे एकाच्या जागी दोन वास. रोज दुपारी शेजारच्या कलावतीकाकू चार बायका घेऊन यायच्या, खाटेशी बसून गीतेचा पंधरावा अध्याय म्हणायच्या, आणि जाताना "महिन्याभरात हिंडू-फिरू लागाल हो!" म्हणून सांगायच्या. आई भिंतीकडे तोंड फिरवायची. मला वाटायचं, तुझ्यावर रुसलीय.

तू लिहिलं होतंस, "मी येईपर्यंत गुंगीचं इंजेक्शन देऊ नका. तिनं मला ओळखलं पाहिजे. माझ्या हातची गंगा तोंडात पडताना तिला कळलं पाहिजे." तू घरचा कर्ता, म्हणून कल्याणच्या डॉक्टरांना मी ते पत्र दाखवलं. "थोरल्या मुलाची हरकत असेल तर मी कसं देऊ?" असं म्हणून त्यांनी बॅग बंद केली. गंगेचा गडू देवात तयार आहे. तू संक्रांतीला येणार होतास, मग महिनाअखेर म्हणालास, आता शिमग्यावर नेलंयस.

दादा, ती ओरडत नाही. पदराचा बोळा तोंडात कोंबून पडते. चावून चावून पदराची चाळण झालीय.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी बायकांना बाहेर पाठवलं, खाटेजवळ बसले आणि विचारलं, "आजी, सगळ्यांत जास्त त्रास कशाचा होतो?"

इतक्या महिन्यांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

आई म्हणाली, "वासाची लाज वाटते हो. बायका नाकाला पदर लावून गीता म्हणतात. त्यांना येऊ देऊ नका. आणि मला झोप द्या."

"आणि थोरला मुलगा, प्रभाकर, यायचाय ना?" डॉक्टरांनी विचारलं.

ती म्हणाली, "येईल तेव्हा उठवा."

त्या दिवसापासून मी दार लावून घेतलं. कलावतीकाकू रागावल्या. "पुण्याच्या कामाला आडवी आलीस गो!" म्हणाल्या. म्हणू देत. डॉक्टरांनी दाखवलं तशी मी पोटॅशच्या पाण्यानं जखम धुते. वास कमी झाला, जात नाही.

आणि परवा डॉक्टर आले तेव्हा मी सांगितलं, "दादाचं पत्र आलंय, हरकत नाही म्हणून लिहिलंय." धडधडीत खोटं. त्यांनी पत्र मागितलं नाही, इंजेक्शन दिलं. आई झोपली, तोंडातला पदर आपोआप सुटला. मी तिथेच बसून रडले, आणि मग एक मोसंबं सोलून खाल्लं.

आता सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. ते औषध मुंबईहून मागवावं लागतं आणि पुरत नाही. गुंगी उतरली की कळा परत येतात. डॉक्टर म्हणतात, मात्रा वाढवावी लागेल, आणि मग ती पुरती जागी होणार नाही. तिला उठवायचं म्हणजे पुन्हा त्या कळांत आणून टाकायचं. ते मी करणार नाही. तू दारात उभा राहिलास तरी नाही. तुला राग येईल, येऊ दे. मलाही तुझा आलाय.

काल तिन्हीसांजेला तिनं डोळे उघडले. तिला आता धड दिसत नाही. "प्रभा आला?"

मी गडू फोडला आणि चमचाभर गंगा तिच्या ओठांत घातली. म्हटलं, "हो आई. ही त्याच्याच हातची."

तिनं माझा हात चाचपला, मनगटापासून कोपरापर्यंत. "वाळलास रे," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "उत्तरे, जेवायला वाढ त्याला. लांबून आलाय."

"वाढते," म्हटलं. ती झोपली.

तेव्हा आता रजेसाठी साहेबांच्या मागे लागू नकोस. तू येऊन गेलास, दादा. गंगा पाजलीस, पिठलंभात जेवलास. आईनं तुझ्या नावानं हात फिरवला तो माझ्या हातावर. तो आशीर्वाद तुला कळवते आहे. मला वेगळा मिळालेला नाही.

वहिनीस नमस्कार, मुलांना गोड पापा.

काल संध्याकाळपुरती तुझ्या जागी बसलेली,
उत्तरा