सगळीकडे दत्ताचंच नाव

शुक्रवार, संध्याकाळ. तळवडे.

आज दत्ताला कामावरून काढलं. त्याला कारण मी आहे. इथे तरी खरं लिहायला हवं.

चार महिन्यांपूर्वी साऱ्या ऑफिससमोर मीच तावातावाने बोललो होतो. प्रोग्रॅममध्ये आजवर कोणी काय बदललं याची नोंद नुसती पडून आहे. तिच्यावरून पुढची चूक आधीच दाखवणारं टूल बनवू. शिक्षेसाठी नव्हे, शहाणं होण्यासाठी! पहिली टाळी दत्ताची होती.

टूल झालं. कोणाला काढायचं हे ठरवायला साहेबांनी त्यातून चुकांजवळ नोंदलेली नावं काढली. सगळ्यांत वर दत्ता. असणारच! कोणाचंही बिघडलं की निस्तरायला तोच बसायचा. बिघडवणारा कोण आणि सावरणारा कोण, हे टूलला कळत नाही. माझ्या तरी ध्यानात कसं आलं नाही? साहेबांना सांगायला गेलो, तर म्हणाले, "भाषण नको."

दत्ता कुरुळीला जायला स्टॉपवर उभा होता. मी माफी मागू लागलो.

"गप की भावा. बोलला मात्र झकास व्हतास. टाळी काय उगं वाजवली व्हय?"

ती टाळी कानातून जात नाही.

निघण्याआधी दुपारी त्याने एक शेवटची दुरुस्ती केली. चूक माझी होती. नोंदीत नाव त्याचं राहील.